रोज चार अध्याय, तरी बहीण बोलत नाही

आदरणीय मावशी,

मी ३७ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची योजना हाती घेतली. तेव्हापासून रोज पहाटे तीन-चार अध्याय वाचते. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत दोनदा वाचून झालं, तिसरी फेरी चालू आहे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरून काढते. पण मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. घरात अजूनही माझाच आवाज चढतो. मुलगी काही सांगायला आली की माझं निम्मं लक्ष राहिलेल्या अध्यायांकडे असतं. दोन महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिचा मेसेज आला तेव्हा मी वाचतच बसले होते. मी लगेच तिला प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातलं ८:२८ पाठवलं. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणाच्या होतात, ते वचन. तिने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला तर दोन मिनिटांत ठेवून देते. चर्चच्या मंडळीतल्या बायकांना वाटतं मी फार जाणती आहे. मला वाटतं, शास्त्र तोंडपाठ होत चाललंय, शहाणपण मात्र आलेलं नाही. माझ्या वाचनात काय चुकतंय? स्पष्ट सांगा. आणि मला अगंतुगंच करा.

— एक वाचणारी

*

प्रिय लेकी,

तुझं पत्र मी दोन दिवस जवळ ठेवलं आणि तीनदा वाचलं. शेवटचा प्रश्न विचारायला धैर्य लागतं. लोक आपल्याला जाणती म्हणत असताना ‘मला शहाणपण आलेलं नाही’ असं लिहिणं सोपं नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात मूर्ख माणसाची सर्वांत ठळक खूण कोणती सांगितली आहे? तो स्वतःच्याच दृष्टीने शहाणा असतो. तू तशी नाहीस, हे तुझ्या पत्रानेच सांगितलं.

स्पष्ट सांगा म्हणालीस, तर सांगते. तुझं वाचन थांबवू नकोस, पण ही तिसरी फेरी इथेच सोड. शास्त्राची पुस्तकं ६६ आणि अध्याय ११८९. ते ३६५ दिवसांत बसवायचे तर दिवसाला सव्वातीन अध्याय येतात. असं एकदा वाचलंच पाहिजे, कारण कुठे काय आहे, कोणाच्या आधी कोण, हे त्याशिवाय कळत नाही. तू ते दोनदा केलंस. सगळा मुलूख तुझ्या पायाखालून गेला आहे. आता तिथे मुक्काम कर.

शहाणपण म्हणजे काय, याची माझी कल्पना एका अगदी लहानशा जागेने बदलली. निर्गम पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, तयारी चालली आहे. ज्या बायकांच्या हातात कसब होतं त्यांनी सूत कातलं, बकऱ्यांचे केस कातले, असं तिथे लिहिलं आहे. तू हे दोनदा वाचलं असशील आणि दोन्ही वेळा पुढे गेली असशील, मीही वर्षानुवर्षं गेले. या बायकांच्या कसबासाठी हिब्रूत जो शब्द आहे, तोच नीतिसूत्रांत ‘ज्ञान’ म्हणून येतो. शलमोन राजाचं शहाणपण आणि त्या बायकांच्या बोटांतलं शहाणपण, शब्द एकच. कातणारीची बोटं डोळ्यांसमोर आण. धागा अंगठा आणि तर्जनीच्या मधून सरकत असतो. कुठे जाड होतोय, कुठे आता तुटेल, हे तिला न बघता कळतं. बकऱ्याचा केस आखूड आणि राठ, तो सहज वळत नाही. किती ताण द्यायचा आणि कुठे हात सैल सोडायचा, हे तिला कुणी पाटीवर लिहून दिलेलं नसतं.

तुझ्या हातात धागा आहे, लेकी. ताण किती द्यायचा ते अजून बोटांना कळलेलं नाही.

नीतिसूत्रे २६ उघड आणि चौथं व पाचवं वचन एकापाठोपाठ वाच. चौथं म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. पाचवं म्हणतं, दे. लागून लागून ठेवली आहेत दोन्ही. वेगात वाचणारीला हा विरोध दिसतच नाही, आणि दिसला तरी ती ‘असेल काहीतरी’ म्हणून पुढे सरकते. थांबली तर तिला विचारावं लागतं, मग आज, या माणसासमोर, यातलं कुठलं? शास्त्र इथे आपल्याला उत्तर देत नाही, समोरच्या माणसाकडे नीट बघायला लावतं. त्याच पुस्तकाच्या २७व्या अध्यायात तर असंही म्हटलं आहे की भल्या पहाटे उठून शेजाऱ्याला मोठ्या आवाजात आशीर्वाद दिला, तर तो त्याला शापासारखा वाटेल. आशीर्वाद खराच असतो, फक्त वेळ आणि आवाज चुकलेला असतो.

आता तुझ्या बहिणीबद्दल. तू पाठवलेलं वचन खरं आहे. त्यावर मी आयुष्य काढलं आहे. पण आज तू रोमकरांस आठवा अध्याय १८व्या वचनापासून हळू वाच. सृष्टी कण्हत आहे, असं पौल म्हणतो. मग म्हणतो, आपणही आतल्या आत कण्हत आहोत. मग २६वं वचन. आपण काय मागावं तेही आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. हे सगळं झाल्यावर २८वं येतं. पौलाने तिथवर यायला तीनदा कण्हणं लिहिलं आहे. तुझी बहीण त्या दिवशी २६व्या वचनात होती. तिला शब्द फुटत नव्हते. आणि तू तिला थेट २८व्यातून हाक मारलीस.

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठव. आपण त्यांना नावं ठेवतो, पण ते आले तेव्हा त्यांनी जे केलं ते फार थोड्यांना जमतं. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. मग ते बोलू लागले. त्यांच्या भाषणांतली कितीतरी वाक्यं सुटी काढून बघितली तर सुंदर आहेत, बरोबरही आहेत. तरी शेवटी देव म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. चांगली वाक्यं चुकीच्या जखमेवर ठेवली की असं होतं.

हे मी तुला वरच्या पायरीवर बसून सांगत नाही. माझं पहिलं शास्त्र अजून माझ्याकडे आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. विशीत आणि तिशीत मी त्यात पेन्सिलीने खुणा करायचे. मध्यंतरी एक वचन शोधायला ते उघडलं आणि नीतिसूत्रांच्या समासात मला बारीक अक्षरं दिसली. ‘भांडखोर बायको’ या वचनापुढे माझ्या जावेच्या नावाचं पहिलं अक्षर. आळशाच्या वचनापुढे माझ्या दिराचं. चहाडी करणाऱ्यापुढे शेजारणीचं, आणि तिच्या अक्षराखाली दोन रेघा. पानामागून पानं उलटली. बारा-तेरा अक्षरं मोजली. माझं अक्षर कुठेही नव्हतं. इतकी वर्षं रोज वाचत होते मी, आणि वाचताना सतत दुसऱ्या कुणाकडे बघत होते. त्या दिवशी मी खोडरबर घेऊन बसले नाही. अक्षरं राहू दिली, आणि त्या प्रत्येक वचनापुढे माझं अक्षर लिहिलं.

याकोब आपल्या पत्रात शास्त्राला आरसा म्हणतो. माणूस आपलं तोंड आरशात बघतो, निघून जातो आणि आपण कसे होतो ते लगेच विसरतो. मी तर आरसा उलटा धरून इतरांना दाखवत होते. तुझं तसं नसेलही. पण बहिणीचा मेसेज आला तेव्हा रोमकरांस ८:२८ तुझ्या बोटांतून इतक्या चटकन निघालं, त्याआधी ते तुझ्या स्वतःच्या कुठल्या मोडलेल्या गोष्टीवर तू कधी टेकवून बघितलं होतंस का? हा प्रश्न मला उत्तर देण्यासाठी नाही.

आता वाचायचं कसं, ते. रोज थोडं वाच. थोडं म्हणजे सात-आठ वचनं. हे ऐकून तुला अपराधी वाटेल, मला ठाऊक आहे. म्हणून सुरुवातीला ११९वं स्तोत्र घे. सगळ्यांत मोठं स्तोत्र, १७६ वचनांचं, पण त्याची रचना आठ-आठ वचनांच्या २२ गटांची आहे, हिब्रू वर्णमालेच्या अक्षराला एक गट. म्हणजे कवीनेच तुझे २२ दिवस आखून ठेवले आहेत. रोज एकच गट, आणि तो मोठ्याने वाच. पहिल्या स्तोत्रात जो मनुष्य रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो, त्या ‘मनन’साठी मूळ भाषेत जो शब्द आहे तो आवाजाचा आहे. यशयात तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी येतो आणि घुमणाऱ्या पारव्यासाठीही. पुटपुटणं, घोळवणं, तोंडातल्या तोंडात पुन्हा पुन्हा म्हणणं. मनन डोळ्यांनी उरकता येत नाही.

दोनदा मोठ्याने वाचून झालं की पुस्तक बंद कर आणि थोडा वेळ काही करू नकोस. कुठला शब्द अडकला? जो अडकतो तो बहुतेक वेळा सुंदर नसतो, बोचणारा असतो. तो एका ओळीत वहीत लिही, तारीख घाल. आणि आज तू ज्यांना भेटणार आहेस त्यांतल्या एका माणसाचा विचार कर. त्याला वचन पाठवण्याचा नव्हे, त्या वचनासकट तू त्याच्याशी कशी वागशील त्याचा. रात्री झोपताना वही उघडून दोन मिनिटं बघ, दिवसात ती ओळ कुठे आठवली, कुठे विसरली. विसरली असेल तर तसं लिही. माझ्या वहीत पहिल्या वर्षी ‘विसरले’ हाच शब्द सगळ्यांत जास्त वेळा आहे. चालेल. याकोबाने म्हटलंच आहे की ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने देवाकडे मागावं, तो दोष न लावता देतो. ‘दोष न लावता’ हे मी स्वतःसाठी अधोरेखित केलं आहे.

स्तोत्र संपलं की लूकचं शुभवर्तमान, दिवसाला एक प्रसंग. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणून बऱ्याच जणी तारखेप्रमाणे अध्याय वाचतात. चांगली सवय आहे, पण दहाव्या अध्यायापासून पुढे तिथलं जवळजवळ प्रत्येक वचन स्वतंत्र आहे. एका बैठकीत तीस वाचली तर एकही हाताला लागत नाही. तारखेचा अध्याय उघड आणि त्यातलं एकच निवड.

दिवस चुकला तर भरून काढू नकोस. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळे तो त्या दिवसापुरता. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा अपवाद सोडला तर उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडत. देवाला त्यांच्याकडून साठा नको होता, रोजचं येणं हवं होतं. साठ्याचं काय होतं ते शलमोनाकडे बघ. इतकं शहाणपण कुणाला मिळालं नव्हतं, आणि म्हातारपणी त्याचं मन इतर देवांकडे वळलं. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात राजांना आज्ञा होती की नियमशास्त्राची स्वतःसाठी नक्कल उतरवून घ्यावी आणि जन्मभर ती वाचावी. तरुणपणी मिळालेलं पुरेल असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

त्याच शलमोनाने गिबोनात देवाकडे काय मागितलं, तेही बघ. १ राजे ३. आपण सहज म्हणतो ज्ञान मागितलं. मूळ हिब्रूत त्याने ‘ऐकणारं हृदय’ मागितलं आहे. हे वाचलं की मला तुझी मुलगी आठवते. ती दारात उभी आहे, काहीतरी सांगायला आली आहे आणि तू एक बोट चालू वचनावर ठेवून मान वर केली आहेस. ते बोट काढ. पुस्तक मीट. ती सांगत असताना जे ऐकलं जातं, त्यासाठीच ते वाचन होतं. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पौल लिहितो की बाळपणापासून तुला पवित्र लेख माहीत आहेत. आजी लोईस आणि आई युनिके यांचा विश्वास त्याच्यात आला. त्या दोघींनी घरात शास्त्राची गुंडाळी बाळगली असण्याची शक्यता फार कमी. त्या काळी गुंडाळ्या सभास्थानात असत. त्यांनी जे दिलं ते ऐकलेलं, पाठ झालेलं, रोजच्या बोलण्यातून झिरपलेलं असणार.

येशूची आई मरीया, तिचंही तसंच. लूकच्या पहिल्या अध्यायातलं तिचं गीत आणि १ शमुवेल २ मधलं शमुवेलाची आई हन्ना हिचं गीत शेजारी शेजारी ठेवून वाच. भुकेल्यांना तृप्त करणारा, दीनांना उंच करणारा देव, दोन्हीकडे तोच. ती मुलगी डोंगराळ मुलुखात आपली नातलग अलीशिबा हिच्या दारात उभी राहते आणि तिच्या तोंडून शेकडो वर्षांपूर्वीच्या एका बाईची प्रार्थना नव्या रूपात बाहेर पडते. इतकं ते तिच्यात मुरलं होतं. लूक तिच्याविषयी दोनदा सांगतो की तिने या गोष्टी अंतःकरणात ठेवल्या. तिला सगळं कळलं असं तो म्हणत नाही.

बोलावं कधी, हे शिकायचं असेल तर १ शमुवेल २५ मधली अबीगईल वाच. नवऱ्याने केलेल्या अपमानामुळे दावीद चारशे माणसं घेऊन चालून येतोय कळल्यावर ती क्षणभर थांबत नाही, गाढवांवर सामान लादून निघते आणि त्याच्या रागासमोर उभी राहून बोलते. घरी परतते तेव्हा नवरा पिऊन तर्र असतो. त्याला ती सकाळ उजाडेपर्यंत थोडंही नाही, फारही नाही, काहीच सांगत नाही. एकाच बाईने एकीकडे घाई केली आणि दुसरीकडे तोंड मिटलं.

नीतिसूत्रे ३१ बद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण बायका मला त्यावरून फार लिहितात, म्हणून एवढंच. ती २२ वचनांची वर्णमालेवर बांधलेली कविता आहे, आणि तो अध्यायच एका आईने राजा झालेल्या मुलाला दिलेल्या शिकवणीने सुरू होतो. रात्री स्वतःला गुण द्यायचा तक्ता म्हणून ती वाचू नकोस. तिच्यातल्या सद्गुणी स्त्रीसाठी जे हिब्रू शब्द आहेत, तेच रूथच्या पुस्तकात शेतमालक बवाज रूथविषयी वापरतो. रूथ तेव्हा परकी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी होती. तिच्याकडे ना घर होतं, ना दासी, ना मुलं.

आणि एकटी वाचत राहू नकोस. अपुल्लोस नावाचा उपदेशक शास्त्रात प्रवीण होता, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्लाने त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. तुझ्या मंडळीत अशी एखादी वयाने मोठी बाई असेल, बहुधा पुढच्या रांगेत न बसणारी. तिला महिन्यातून एकदा तुझ्या वहीतल्या ओळी दाखव आणि तिला तुला खोडू दे. आपल्या भाषेतल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी मनाशी ठेवते. एवढी मोठी विदुषी, पण हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्र आणण्यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२२ साली त्या वारल्या. एकेका शब्दावर थांबून वाचल्याशिवाय तसं काम होत नाही.

आता फोन. उद्या पहाटेचं वाचन राहिलं तरी चालेल, आधी बहिणीशी बोल. मेसेज नको. जमलं तर प्रत्यक्ष जा. तिला सांग, ‘त्या दिवशी मी तुझं ऐकलंच नाही, वचन पाठवून मोकळी झाले. चुकलं माझं.’ एवढंच, आणि पुढे ‘पण’ लावू नकोस. मग ती गप्प राहिली तर तूही राहा. ते गप्प बसणं तुला फार लांब वाटेल. तोंडाशी वचनं येतील, तुझ्याकडे ती भरपूर आहेत. ती तिच्यासाठी प्रार्थनेत वापर, मनातल्या मनात. तिने विचारलं, ‘ताई, देवाने असं का केलं?’ तर ‘मला माहीत नाही’ म्हणायला घाबरू नकोस. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे. तिला कधी काही वाचावंसं वाटलं तर ते तिच्याबरोबर बसून वाच.

तिने पहिल्यांदा फोन उचलला नाही तर परवा पुन्हा कर. मला कळव, ती काय म्हणाली ते. पत्रात तू तिचं नाव लिहिलं होतंस. ते इथे छापलं नाही, पण माझ्या वहीत आजच्या तारखेपुढे आहे, तुझ्या नावाशेजारी.

तुझी,
मावशी